राखाडी प्रत

धोकादायक कचरा घेऊन कारखान्याच्या गेटबाहेर पडणाऱ्या गाडीला सात प्रतींचा कागद लागतो. त्याला मॅनिफेस्ट म्हणतात. नियमांत त्याचं नाव फॉर्म १०. पांढरी प्रत कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायची, पिवळीवर ट्रान्सपोर्टरची सही घेऊन ती स्वतःकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीतून जातात. गुलाबी कचरा घेणारा ठेवून घेतो, नारिंगी ट्रान्सपोर्टरच्या हातात देतो, हिरवी मंडळाला आणि निळी परत कारखान्याला पाठवतो. राहिली सातवी, राखाडी. कचरा दुसऱ्या राज्यात गेला तरच तिला काम असतं. घेणाऱ्याने ती पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळाकडे पोचती करायची. पुण्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत ही प्रत कोरीच राहते. नवापूरला मात्र तिच्यावाचून पान हलत नाही.

नवापूरचं रेल्वे स्टेशन आता सगळ्यांना माहीत झालंय. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशनमास्तर तिकडे, आणि मधल्या रेषेवर ठेवलेलं बाकडं अर्धं-अर्धं. लोक त्या बाकड्यावर बसून फोटो काढतात. आम्ही कारखान्यांची संमतिपत्रं, रजिस्टरं, रिटर्न सांभाळणारी माणसं. आम्हाला त्या रेषेचं कौतुक जरा कमीच. महाराष्ट्रात धोकादायक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत ती तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला. नवापुरातून यातलं कुठलंही धरलं तरी तीनशे किलोमीटरच्या वर. सुरत शंभर-सव्वाशेवर. पण अंतिम विल्हेवाटीसाठी कचरा परराज्यात न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचं ना-हरकत लागतं. पुनर्वापरासाठी जात असेल तर दोघांना आधी कळवलं की भागतं. म्हणजे माणूस प्लॅटफॉर्मवर चार पावलं टाकून गुजरातेत जातो आणि गाळाचं पोतं दोन राज्यांच्या सह्यांची वाट बघत शेडमध्ये बसून राहतं. नवा मॅनेजर आला की पहिल्या महिन्यात हमखास विचारतो, "सुरत इतकं जवळ असताना आपण घाट चढून रांजणगावला का पाठवतो?" जुनी माणसं त्याला चहा पाजतात आणि दोन्ही मंडळांच्या पत्रव्यवहाराची फाइल समोर ठेवतात.

धोकादायक कचरा म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर फेसाळणारी नदी किंवा धूर ओकणारं पिंप येतं. आमच्या जिल्ह्यात चित्र इतकं नाट्यमय नाही. नंदुरबारजवळची भालेरची एमआयडीसी, नवापूरची एमआयडीसी, साखर कारखाने, जिनिंग, गॅरेजं, एवढाच पसारा. त्यातून निघतं काय, तर मशिनरीचं जळकं ऑइल, सांडपाणी शुद्धीकरणाचा गाळ आणि रसायनांचे रिकामे ड्रम. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत यांचे क्रमांक ठरलेले आहेत: तेलाचा ५.१, ड्रमांचा ३३.१, गाळाचा ३५.३. या कामातली माणसं कचऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. "पाच-एक किती झालं? तेहेतीस-एक उचलले का?" असंच बोलणं चालतं. या आकड्यांवरून माणूसही ओळखता येतो. २००८ च्या नियमांत गाळ ३४.३ होता आणि मॅनिफेस्ट फॉर्म १३ होता. ४ एप्रिल २०१६ ला नवे नियम आले आणि क्रमांक बदलले. त्यानंतरही कुणाच्या रजिस्टरमध्ये ३४.३ दिसला की समजावं, मागच्या वर्षीचं पान पुढच्या वर्षावर उतरवलंय. गाळ कुणी मोजलेला नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. या कचऱ्याची इथली अडचण तो कुणी चोरून ओढ्यात टाकतं ही नाही. निदान रोजची अडचण ती नाही. अडचण ही की त्याला गिऱ्हाईक आहे. कायदा ज्याला कचरा म्हणतो त्याला बाजार माल म्हणतो, रोख पैसे देतो आणि दारातून उचलून नेतो. अधिकृत रिसायकलरला चार फोन करावे लागतात, भंगारवाल्याला एकही नाही. तो आपोआप कळल्यासारखा गेटवर उभा असतो.

एका कारखान्यात तेलाच्या दोन पिंपांपाशी उभा असलेला असा एक जण मला आठवतो. स्टोअरकीपर त्याला समजावत होता की हे तेल तुला देता येत नाही, याची विल्हेवाट लावायची असते. त्याला विल्हेवाट हा प्रकारच पटेना. "फेकानं कसाले, भाऊ? मी लई जास ना. पैसा बी देस." आणि त्याचं काही खोटं नव्हतं. त्याच्याकडून ते तेल सेंट्रिंगवाला नेणार, स्लॅबच्या प्लेटांना चोपडणार. उरलेलं वाळवीसाठी दाराच्या चौकटींना, बैलगाडीच्या आसाला. सगळं उपयोगी पडणार, आणि त्यातले जड धातू ज्याच्या त्याच्या अंगणात मुरणार. अनधिकृत माणसाला तेल दिलं की बेकायदा काम केल्यासारखं इथे कुणाला वाटतच नाही. उलट एखाद्या गरिबाचं भलं केल्यासारखं वाटतं. हा गुन्हा पकडायला अवघड असतो तो यामुळेच.

त्यात नियम आणि रस्ता यांचंही जमत नाही. कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असलेल्या छोट्या कारखान्यांना मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. पण नोंदणीकृत रिसायकलरची गाडी दोन पिंपांसाठी एवढ्या लांब येत नाही. तो म्हणतो, भरती होऊ द्या. भरती होईपर्यंत मुदत संपते. मग गेटवरचा भंगारवाला मॅनेजरला देवदूत वाटू लागतो. यावर हायवेलगतच्या काही कारखान्यांनी शेवटी आपसांत तोड काढली. सगळ्यांनी एकच तारीख ठरवायची, एकच अधिकृत गाडी बोलवायची, तिने रांगेने प्रत्येकाचं तेल उचलायचं आणि ज्याचा त्याने वेगळा मॅनिफेस्ट फाडायचा. आम्ही तिला ऑइलची भिशी म्हणायचो. भिशीसारखंच तिथेही एखादा जण ऐनवेळी म्हणायचा, "माझे या खेपेला नाहीत हो." त्याचं तेल कुठे गेलं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. १ एप्रिल २०२४ पासून नवीन तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. तिचा जोर नवापूरच्या गॅरेजपर्यंत पोचला तर भंगारवाल्याला पहिल्यांदाच खरा स्पर्धक मिळेल.

तेलापेक्षा ड्रमांचे किस्से जास्त. दोनशे लिटरचं निळं, झाकणाचं टिपाड ही उन्हाळ्यात आमच्याकडे चैनीची वस्तू नाही, गरजेची आहे. नळाला रोज पाणी येत नसेल त्या घरी टिपाड म्हणजे मालमत्ता. एका कारखान्यात तपासणीच्या तोंडावर आम्ही रजिस्टर आणि गोडाऊन ताडून बघत होतो. फॉर्म ३ च्या नोंदीत ड्रम होते, शेडमध्ये नव्हते. स्टोअर सांभाळणाऱ्या नानांना विचारलं.

"नाना, तेहेतीस-एक कुठे गेले?"

"गेले लोकांच्या कामी."

"विकले?"

नाना दुखावलेच. "पैसा घ्यायला मी काय व्यापारी आहे? गावात लग्न आहे. पाण्याला पाहिजे होते."

ड्रममध्ये आधी कूलिंग टॉवरच्या पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून टाकायचं रसायन होतं. आम्ही गाडी काढून लग्नघरी गेलो. मांडवाच्या मागे टिपाडं ओळीने लावलेली, वर ओलं फडकं, आणि पाण्यात वाळा टाकलेला. नवरीच्या मामांना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ड्रम आम्ही सोडा टाकून तीनदा धुतले आहेत, साहेब. आणि हळद लागेपर्यंत मांडवातलं काही हलवत नसतात." शेवटी बाजारातून नवे ड्रम आणले, टँकरने पाणी मागवलं, हळदीच्या गडबडीत अदलाबदल झाली. पाहुण्यांना काही कळलं नाही. मालकाने नव्या ड्रमांच्या बिलावर सही करताना जी कुरकुर केली ती मात्र बरेच महिने चालली.

मला त्या दिवशी खरी धास्ती ड्रमांपेक्षा त्या तीनदा धुतलेल्या पाण्याची वाटली. ड्रम धुतला की ड्रम स्वच्छ होतो, पण धुण्याचं पाणी त्याच कचऱ्याचं पातळ रूप असतं, आणि ते अंगणातल्या पेरूच्या झाडाला गेलं होतं. म्हणून तर ड्रम धुण्यासाठी मंडळाची मान्यता असलेले वेगळे लोक असतात. त्यांच्याकडे त्या पाण्यावर प्रक्रिया करायची सोय असते. काही कारखान्यांनी नंतर साधा उपाय सुरू केला: भंगारात जाणाऱ्या पत्र्याच्या ड्रमला आधीच पहारीने तळाशी भोक पाडायचं. पाणी राहत नाही म्हटल्यावर त्याच्यावरचं गावाचं प्रेम एका दिवसात आटतं. सगळ्यांना मात्र भोक पाडता येत नाही, कारण धुणारा अधिकृत माणूस अख्खाच ड्रम मागतो. त्यासाठी कुलूप लागतं, आणि किल्ली नानांसारख्या मायाळू माणसाकडे ठेवून चालत नाही.

लेबलांची गोष्ट वेगळीच. नियम म्हणतो, पार्श्वभूमी चमकदार पिवळी हवी आणि 'धोकादायक कचरा', 'काळजीपूर्वक हाताळा' हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. पावसाने न धुतलं जाणारं. छान. पण २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता राज्यात सगळ्यात कमी, जेमतेम ६४ टक्के. लोकसंख्येतले जवळजवळ ६९ टक्के लोक आदिवासी. ड्रम उचलणारा माणूस घरी मावची किंवा भिली बोलतो आणि लेबलवरच्या तिन्ही भाषा त्याच्यासाठी सारख्याच मुक्या. नवापूरकडच्या एका कारखान्यात तपासणीला आलेल्या साहेबांना ड्रमांवर लेबलाशेजारी खडूने काढलेलं काहीतरी दिसलं. पाय वर करून पडलेली कोंबडी. "हे काय?" त्यांनी विचारलं. मुकादम म्हणाला, "साहेब, लेबल तुमच्यासाठी. कोंबडी यांच्यासाठी."

साहेब दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले, त्यांना संदर्भ लागेना. नवापुरात कुणालाही लागला असता. १८ फेब्रुवारी २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला तो इथल्या पोल्ट्र्यांमधून. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत चुना टाकून पुरल्या गेल्या. चेहरा झाकलेली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं शेडमध्ये शिरताना अख्ख्या तालुक्याने पाहिली. पीपीई हा शब्द राज्याने करोनात ऐकला, नवापूरने त्याच्या चौदा वर्षं आधी. फेब्रुवारी २०२१ मध्ये तीच साथ पुन्हा आली तेव्हा काय करायचं ते मजुरांनाही ठाऊक होतं. उताणी कोंबडी म्हणजे हात लावायचा नाही, हातमोजे घालायचे, घरी नेऊन ठेवायचं नाही, हे तिथे शिकवावं लागत नाही. साहेबांनी लेबलं नियमाप्रमाणे आहेत असा शेरा मारला आणि कोंबडी पुसायला सांगितली नाही. माझ्या मते त्या तपासणीतलं ते सगळ्यात शहाणं काम होतं.

तपासणीबद्दल बाहेर बरेच गैरसमज आहेत. साहेब येणार म्हटलं की फाइल घासूनपुसून तयार होते, त्यामुळे हुशार अधिकारी फाइल शेवटी उघडतो. एक अधिकारी मी असे पाहिले की ते आत येण्याआधी गेटवरच्या वॉचमनशी पाच मिनिटं बोलायचे आणि त्याचं आवक-जावक रजिस्टर चाळायचे. मग वजनकाट्याची पावती मागायचे. मॅनिफेस्टवर जे वजन, तेच काट्याच्या पावतीवर हवं. ज्या तारखेला कचरा गेला त्या तारखेला गेटवर त्या नंबरची गाडी हवी. कागद एकट्याने खोटं बोलू शकतो, चार ठिकाणचे कागद एकमेकांशी जुळवून खोटं बोलायला फार मेहनत पडते. दुसरी त्यांची सवय वार्षिक रिटर्न शेजारी शेजारी ठेवायची. फॉर्म ४ दर वर्षी ३० जूनच्या आत भरायचा असतो. एका कारखान्याचं उत्पादन तीन वर्षांत दुपटीवर गेलं होतं आणि जळकं ऑइल दर वर्षी लिटरला लिटर तेवढंच. साहेब म्हणाले, "तुमची मशिनरी फार समाधानी आहे." अकाउंटंट हसला. नंतर आलेली नोटीस वाचताना हसला नाही.

गेटबाहेरच्या बोर्डाचंही तसंच. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखाली १९८९ मध्ये धोकादायक कचऱ्याचे पहिले नियम आले, आणि बरीच वर्षं ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. १९९५ मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑक्टोबर २००३ ला सविस्तर आदेश दिला. आज आपण जी शिस्त बघतो तिच्यातला बराच भाग तिथून आलेला आहे, आणि गेटबाहेर सहा फूट बाय चार फुटांचा माहितीफलक लावायची पद्धतही त्याच काळातली. आत किती आणि कोणता कचरा आहे हे रस्त्यावरच्या माणसाला वाचता यावं हा हेतू. हेतू उत्तम. पण आमच्याकडच्या पेंटरने बऱ्याच बोर्डांवरचे आकडेसुद्धा ऑइल पेंटने, सावली देऊन, दुकानाच्या पाटीसारखे पक्के लिहून टाकले. कचरा येतो-जातो, आकडा अढळ. आकड्यांपुरती खडूची काळी पाटी बसवायला सुचवलं की मालक म्हणतात, "गेटवर शाळा दिसते हो." बोर्ड वाचणारं कोण, असाही प्रश्न असतो. पोरं वाचतात. शाळेतून घरी जाताना थांबून अक्षर अन् अक्षर वाचतात.

गाडी गेटबाहेर पडली की आमचा जीव ड्रायव्हरवर. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं: गळती झाली तर काय करायचं, आग लागली तर पाणी मारायचं की नाही, कुणाला फोन करायचा. विसरवाडी ओलांडून कोंडाईबारीचा घाट लागतो. सुरत-धुळे रस्त्यावरचे अपघात म्हटले की पहिलं नाव त्याचंच. घाटात टँकर आडवा झाला की मदतीला येणाऱ्यांच्या आधी कॅन घेऊन माणसं येतात. टँकरमध्ये खाद्यतेल आहे, डिझेल आहे की ॲसिड, हे बघायला कुणी थांबत नाही. एका ट्रान्सपोर्टरने मला सांगितलं की त्याने ड्रायव्हरांना ट्रेम कार्डाच्या आधी एकच वाक्य पाठ करायला लावलंय: "विष आहे, मागे व्हा." ते मराठीत, हिंदीत, गुजरातीत आणि भिलीत ओरडायचं. बाकी कार्ड पोलीस वाचतील.

आणि कागद एका रस्त्याने, माल दुसऱ्या रस्त्याने गेला तर काय होतं याचं उदाहरण आमच्या शेजारीच आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतेजवळच्या सचिन जीआयडीसीत नाल्याशेजारी टँकर उभा करून रसायन सोडलं जात होतं. त्यातून उठलेल्या वायूने जवळच्या मिलमधले सहा कामगार मेले, वीसहून अधिक जण दवाखान्यात गेले. तपास पोचला तो महाराष्ट्रातल्या तळोज्यापर्यंत. वर सांगितलेल्या चार विल्हेवाट केंद्रांपैकी एक त्याच तळोज्यात आहे. त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडचे मॅनेजर निळ्या प्रतीसाठी स्वतःहून फोन करत होते: "पोचली का? सही कुणाची आहे? शिक्का दिसतोय का?" एरवी याच निळ्या प्रतीसाठी आम्हाला त्यांच्या मागे लागावं लागतं. माल खरोखर पोचला याचा कारखान्याच्या हातात असलेला पुरावा ती निळी प्रत, आणि माल परराज्यात गेला असेल तर मंडळाच्या हातातला राखाडी. आता केंद्रीय मंडळाची ऑनलाइन ट्रॅकिंग यंत्रणाही आहे. पण गाडी रस्त्यात कुठे थांबली हे स्क्रीनवर बघायला शेवटी कुणीतरी माणूस बसावा लागतो.

जाता जाता कारखान्यांबाहेरच्या वाचकांना एवढंच सांगणं. लग्नसराईत किंवा पाणीटंचाईत भंगाराच्या दुकानातून निळा ड्रम घेणार असाल तर आधी त्याचं अंग बघा. पिवळ्या-लाल लेबलाचे तुकडे चिकटलेले असतील, नाव मुद्दाम खरडलेलं असेल किंवा झाकण उघडल्यावर उग्र वास येत असेल, तर तो पाण्याला, धान्याला किंवा गुरांच्या पेंडीला वापरू नका. सोड्याने कितीही वेळा धुतलात तरी नाही. खाद्यतेलाचे किंवा गुळाच्या काकवीचे ड्रम मिळतात, ते थोडे महाग पडतात, तेच घ्या. आणि कारखान्यातला कोणी ओळखीचा प्रेमाने फुकट ड्रम देऊ लागला तर त्याला नको म्हणा. तो ड्रम रजिस्टरमध्ये अजून कारखान्याच्याच नावावर असतो, आणि त्यातून कुणाला काही झालं तर नियमाप्रमाणे जबाबदारीही कारखान्याचीच राहते.